घेराला नियम नाही

नागपूरच्या क्रीडासंकुलाच्या प्रयोगशाळेत निहाल गजभियेचा उजवा गुडघा पडद्यावर लालभडक चमकत होता.

"हा बघ तुझा चहाडखोर!" डॉ. वैजयंती डोंगरे म्हणाल्या. बास्केटबॉल संघाचं गतिवेधक यंत्र त्यांनीच बांधलं होतं. "डावीकडे वळण्याआधी हा किंचित खचतो. कॅमेरे तेवढं टिपतात आणि समोरच्या संघाचं यंत्र त्यांच्या खेळाडूच्या कानात सांगून मोकळं होतं. सगळ्याच संघांकडे असली यंत्रं आहेत."

"म्हंजे माहा गुडघाच मले घरी बसवणार?"

"आज चमकला नाहीस तर व्यवस्थापक तुला काढणार. खोटं कशाला बोलू?"

निहालचं तोंड एवढंसं झालं. खेळाखेरीज त्याला येत होतं ते एक रॅप, तेही इंदोरा वस्तीच्या गल्लीत घसा फोडून शिकलेलं. सामन्याला यायचा तोही त्याच थाटात, ढगळी पँट आणि पोटापर्यंत लोंबणारी साखळी. बाकीचे खेळाडू आपले अंगाला चिकटलेल्या गणवेशात, सोललेल्या कणसासारखे!

वैजयंतीबाई त्याच्या पँटकडे टक लावून बघत राहिल्या. "निहाल, हिच्यात तुझा गुडघा आहे कुठे?"

"असन ना आतच, मॅडम!"

"मला दिसत नाही, म्हणजे यंत्रालाही दिसणार नाही. पूर्वी अमेरिकेत खेळाडूंनी रॅपवाल्यांचे असले कपडे उचलले तेव्हा मालकांनी नाकं मुरडली होती. आपल्या नियमांत चड्डीच्या लांबीला गुडघ्याखाली चार बोटांची मर्यादा आहे, घेराला नाही. शिंप्याला बोलाव!"

सामना सुरू झाला आणि निहालची घेरदार चड्डी बघून प्रेक्षक खो खो हसले. पण तो डावीकडे वळला तेव्हा त्याला अडवणारा गडी जागीच खिळून राहिला. निहाल मोकळा! मोकळा खरा, पण चेंडू येईल तर शपथ. त्याच्याच संघातल्या जोसेफ पाटोळेनं पास दिला तो भलतीकडेच. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. संघ मागे पडला.

विश्रांतीत व्यवस्थापक तडकले. "आधी ती चड्डी बदल!"

वैजयंतीबाईंनी कपाळावर हात मारला. "चूक माझी. निहाल कुठे जाणार, हे आपल्या पोरांनाही यंत्रच सांगतं. तो यंत्राला दिसत नाही, म्हणजे यांनाही दिसत नाही."

"डोळे आहेत ना यांना?" व्यवस्थापक ओरडले.

"सर, लहानपणापासून कानातल्या आवाजावरच खेळलो आम्ही," जोसेफ ओशाळून म्हणाला.

निहालनं स्वतःच्या कानातलं यंत्र काढून बाकावर ठेवलं. "काढा बे सगळे. मी वरडतो, तुम्ही आयका."

मग काय विचारता! "जोसेफ, डावीकडे! आता दे! मागं, मागं!" प्रतिस्पर्ध्यांचे कान यंत्रानं बुजलेले, त्यांना यातलं अक्षरही ऐकू येईना. सुरुवातीला आपलीही पोरं गोंधळली, मग एकेकाचा आवाज फुटायला लागला. शेवटचा, विजयाचा चेंडू जाळीतून गेला तेव्हा पाचही जण बोंबलत होते, आणि निहालला इतकं बरं वाटत होतं की रडावं की हसावं कळेना.

व्यवस्थापक त्याच्याजवळ आले. "पुढच्या हंगामात सगळेच संघ ढगळ्या चड्ड्या शिवणार. मग ही यंत्रं पडली अडगळीत."

"मंग माहं काय, सर?"

"तू कुठं जातोस? उद्यापासून सराव तुझ्याकडे. या पोरांना आधी एकमेकांशी बोलायला शिकव."