मोठ्या आईचं खमीर

मोठी आई गेल्यापासून नऊ दिवस बेकरी बंद होती. एवढ्या दिवसांत मोठ्या आईच्या बरणीतल्या खमिराला कुणी पीठ-पाणी घातलं नव्हतं. पाव फुगवणारं ते आंबट पीठ. रोज भरवावं लागतं, नाहीतर मरतं. म्हातारीने ते सत्तर वर्षं जगवलं होतं, स्वतःची सहा बाळंतपणं सांभाळून. शेवटी शेवटी ते काम नातसुनेकडे आलं, आणि नेमकी तीच विसरली.

भीत भीत तिने झाकण उघडलं. नऊ दिवस उपाशी, तरी खमीर काठोकाठ फुगलेलं. बोट लावलं, तर कोमट. जाणत्या माणसाने ते सरळ मोरीत ओतलं असतं. पण दुपारी घरातले मोठ्या आईच्या आठवणी काढायला बसणार होते, आणि सासऱ्यांना पाव तिच्याच खमिराचा हवा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिने मैदा मळायला घेतला.

तशी अजून एक मूठ झाकायची होती बिचारीला. मोठ्या आईने तिच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे ती स्वतः पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. तीन रात्रींचं जागरण. हाक ऐकू आली, पण म्हटलं, पाच मिनिटांनी उठू. उठली तेव्हा सगळं संपलं होतं. तिच्यावर जीव टाकायची हो ती म्हातारी.

दुपारी सासरे, नणंद, नवरा आणि ती, अशी चौघं टेबलाशी बसली. तिने पाव तिघांना वाढला, स्वतः घेतला नाही. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि सावकाश म्हणाले, "लहानपणी मी शाळेच्या छपरावर चढले होते..."

नणंद हसली. "बाबा, आता बाई झालात की काय?" मग तिनेही पाव तोंडात टाकला, आणि तिचं हसू थांबलं. "वडिलांनी शिडी आणली," ती म्हणाली. "पण ओरडले नाहीत."

पुढचं नवऱ्याने सांगितलं. एकाने सोडलं तिथून दुसरा उचलत होता, तिघांचाही आवाज तोच संथ. लग्न झालं, भट्टी पेटली, मुलं झाली. म्हातारपणी गुडघे धरले, खाट धरली.

"पुरे आता..." ती पुटपुटली. कुणी वर पाहिलं नाही.

"दुपार होती," नवरा म्हणाला. "घशाला कोरड पडलेली. मी हाक मारली..."

"परत मारली," सासरे म्हणाले.

"पलीकडे खाट करकरली," नणंद म्हणाली. "मला वाटलं, उठली पोर..."

तिला रडू आवरेना. "चुकले मी, मोठी आई... डोळा लागला होता."

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरांत नुसती माया होती. नवऱ्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "वेडे, मी रागावले नाही गं." त्याने पावाचा तुकडा मोडून तिच्या ओठांशी धरला. "मी गेल्यावरचंही आहे... पण ते एकटीने आठवायची भीती वाटते. ये ना सोबत."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला. तोंड मात्र आपोआप उघडलं.