अण्णांच्या डोक्याचा डाग

पावसाळा संपला की कोल्हापुरातली निम्मी घरं दिसतात तसंच आमचंही दिसत होतं. स्लॅबपासून ओघळलेले काळे पट्टे, पायथ्याला हिरवंगार शेवाळ, आणि मूळचा पिस्ता रंग शोधावा लागेल अशी अवस्था. फुलेवाडीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांत कळकट घर आमचंच. दिवाळीआधी ते बाहेरून धुवायचं, तेही मी एकटीनं, असं मी जाहीर करून टाकलं. अकरावीत गेल्यापासून मला सगळं जमतं. स्कूटी जमते, वक्तृत्व जमतं, गॅसवाल्याशी भांडण तर फारच छान जमतं.

पण खरं म्हणजे मला धुवायची होती फक्त हातभर जागा.

आमच्या दाराशेजारी कट्टा आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, जयसिंगपूरच्या एका शाळेत क्लार्क होते. संध्याकाळी एसटीनं परत आले की ते आधी कट्ट्यावर टेकायचे, भिंतीला डोकं लावून डोळे मिटायचे. केसांना माक्याचं तेल चोपडलेलं. असं टेकून टेकून भिंतीवर ताटलीएवढा तेलकट डाग पडला होता. गेल्या वर्षी अण्णा गेले. डाग राहिला.

आणि आई त्या डागापाशी राहिली. दिवसभर कट्ट्यावर, तळहात डागावर ठेवून. चहात बुडवलेला भाकरीचा तुकडा, एवढंच तिचं जेवण. तिचे दंड ब्लाऊजच्या बाह्यांत हलायला लागले होते. असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल, असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. मी तिला हसवलं, तिच्यावर ओरडले, तिच्यासमोर नाचूनही दाखवलं. ती माझ्याकडं बघायची आणि पुन्हा भिंतीकडं वळायची. डाग गेला की आई परत येईल, असं माझं साधं गणित होतं.

दुचाकी धुवायचं सेंटर चालवणाऱ्या रूपालीताईंनी रविवारी त्यांचं प्रेशर मशीन दिलं.

"ए पोरी, ही काय पिचकारी न्हवं," त्या म्हणाल्या. "बोटावर बसली तर कातडं सोलंल. माणसावर धरायची न्हाय, शिडीवर चढून मारायची न्हाय, लाइटच्या मीटरवर तर अजिबात न्हाय. हे रुंद नोझल लाव, पाणी पंख्यावानी फाकतंय. आनि हे बारीक तोंडाचं हातात पन घेऊ नकोस. गिलावा उडंल."

"मग देताय कशाला?"

"सेट हाय तो. लई शाणी झालीस व्हय गं? जा आता."

मी सगळं नीट केलं. मीटरला प्लॅस्टिक गुंडाळलं, खिडक्या लावून फटींत फडकी कोंबली, गमबूट घातले, प्रयोगशाळेतला गॉगल लावला. आधी मागच्या कोपऱ्यात थोडं मारून बघितलं, रंग निघतोय का ते. मशीन बंद होईपर्यंत बाहेर यायचं नाही, असं आईला बजावलं. ती उठली. आत जाऊन भिंतीला टेकून बसली, डागाच्या बरोबर मागच्या बाजूला.

नादखुळा मशीन! वरून खाली नुसता पट्टा ओढायचा, की काळं पाणी धो धो वाहतं आणि मागं पिस्ता रंग उजळतो. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती. मी गात होते, पण मशीनच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

मग मी कट्ट्यापाशी आले.

डागावर पाणी बसेना. फवारा त्याच्या कडेनं वळून खाली जात होता. साबण लावून थांबले, पुन्हा मारलं. सगळी भिंत निथळत होती आणि मधोमध तो डाग ठणठणीत कोरडा. मशीन थांबवून मी बोट लावलं. कोमट होता. त्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण आत आई बसली होती, त्या दंडांसकट.

मी बारीक तोंडाचं नोझल लावलं, पाय रोवले आणि ट्रिगर दाबला.

वाळू उडाली. खालून तपकिरी पाणी वाहायला लागलं आणि माक्याच्या तेलाचा वास आला. इतका दाट, की अण्णा माझ्या खांद्याशी उभे आहेत असं वाटलं. मी मागं बघितलं नाही. मग तो वास एकदम तुटला. भिंतीत पांढरा खड्डा पडला होता.

मी दार उघडलं. आई स्वयंपाकघरात डबे धुंडाळत होती.

"भूक लागलीय गं लई. काय हाय खायाला?"

झुणका गरम करून वाढला. तिनं दोन भाकरी खाल्ल्या, वर कांदा फोडून मागितला. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हात धुवून ती बाहेरच्या खोलीत आली आणि हार घातलेल्या फोटोपुढं थांबली.

"हे पावणं कोण?"

"आई, अण्णा ते."

"कोण अण्णा?"

मी सगळं सांगितलं. जयसिंगपूर, एसटी, छातीत आलेली कळ. शेजारच्या गल्लीतली बातमी ऐकावी तसं तिनं ऐकून घेतलं.

"बिचारे," ती म्हणाली. "वय बी काय न्हवतं की. मागं कोण हाय त्यांच्या? पोरंबाळं?"

मी तशीच बाहेर पडले.

शेजारच्या मीनाकाकूंना सांगितलं, तर त्यांनी मलाच झापलं. "बाईला घास जातोय न्हवं? मग गप बस की. इसरली तर बरंच हाय."

आईचे गाल भरायला लागले. ती गजरा आणायला लागली, जात्यावरच्या ओव्या गुणगुणायला लागली. मला माझी आई मिळाली होती. फोटो तिनं उतरवून ठेवला. परक्या माणसाला रोज हार कशाला, म्हणाली.

मग एका संध्याकाळी, जयसिंगपूरची एसटी येऊन गेल्यावर, कट्टा ओला दिसला. एक माणूस बसेल एवढीच जागा. आजूबाजूला थेंबही नाही.

"कोण सांडतंय गं पानी?" आईनं फडकं आणून पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कट्टा कोरडा होता. खालच्या पायरीवर दोन ओली पावलं होती. मी हात लावला. कोमट.

"आई, नको पुसू."

"का? घसरून पडशील की."

मी भिंतीला माक्याचं तेल चोळलं. ते मुरेना, घरंगळून खाली आलं. मी स्वतः तिथं डोकं टेकून बसले. हळूच म्हणाले, "अण्णा, मी हाय की हितं." पावलं अंगणात उमटली होती. ती माझ्याकडं सरकली नाहीत. आई आली, वाकली, पुसून गेली.

आई पुसायची आणि पुढच्या संध्याकाळी पावलं आणखी लांब जायची. तुळशीपाशी. नळापाशी. फाटकाच्या आत.

आईला काय सांगू? सांगून तिनं परत भाकरी सोडली तर? आणि नाही सांगितलं, तर?

आज पावलं फाटकाबाहेर होती, डांबरी रस्त्यावर. बोटं आमच्या घराकडं वळलेली.

आई फडकं घेऊन आली. जरा वेळ बघत उभी राहिली.

"चल आत," ती म्हणाली, "कालवण निवतंय." आणि फाटक ओढून घेऊन तिनं आतून कडी घातली.