पातळ झालेली भिंत

रेन्स्केची नळी मी चुकून उकडली, तिथून आमची ओळख.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत मी उपकरणं सांभाळायचो. जिवाणूंच्या नळ्या ऐंशी अंश तापलेल्या पाण्यात ठेवायच्या. साधे जिवाणू मरतात, बीजाणू झालेले तेवढे वाचतात. त्या सकाळी खिडकीवर बर्फासारखा गार पाऊस वाजत होता. बाकीच्या नळ्यांसोबत तिचीही मी पाण्यात सोडली.

“वुब्बो, माझे जिवाणू अजून अर्धेच तयार झाले होते. त्यांचं तुम्ही सूप केलंत!”

“मीठ टाकू का?”

“शिक्षा म्हणून नवे वाढताना माझ्याजवळ बसायचं. हलायचं नाही.”

बसलो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती हलक्या आवाजात सांगायची, “पेशी आधी एका टोकाला भिंत घालते. एक मोठी खोली, एक छोटी. मग मधली भिंत पातळ होते… मोठी छोटीला कवेत घेते, तिच्याभोवती नवी जाड भिंत बांधते.”

“आणि मोठीचं काय?”

“ती फुटून जाते. छोटी राहते.”

तिचा हात माझ्या बाहीला लागला होता. तिनं तो काढला नाही. मार्चमध्ये ती स्वीडनला, उमिओला जाणार होती— कायमची.

माझा वाढदिवस फेब्रुवारीत. ज्याचा वाढदिवस त्यानंच केक न्यायचा, या तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रयोगशाळेत केक मीच नेला. पुरुषांनी हात मिळवले, बायकांनी गालांवर तीन-तीन पापे दिले. रेन्स्के दोनावर थांबली.

“एक राहिला,” मी म्हटलं.

“मग माग की!”

आजवर ती मला ‘तुम्ही’च म्हणायची. सगळे केक खायचे थांबून आमच्याकडे बघत होते.

“उमिओत उपकरणं सांभाळायला माणूस लागतो का गं?” मी विचारलं. “तू गेलीस तर… मला इथे नाही राहायचं.”

“पापा मागायला सांगितलं, तर हा आख्खी मलाच मागतोय,” ती म्हणाली, आणि तिसरा दिला.

पुढे उमिओत माझ्या दर वाढदिवसाला ती दोनावर थांबायची. मी मागायचो.

मागच्या ऑक्टोबरात ती वारली. या फेब्रुवारीत केक आणायचाच नाही, असं मी ठरवलं होतं. बेल वाजली. दारात आमची लेक येल्के उभी, हातात केक. तिनं माझ्या गालावर दोन पापे दिले, आणि थांबली.

मी तिच्या हातातला केक घेतला.

“माग की, बाबा,” ती म्हणाली.

तिचेही डोळे भरले होते, पण ती हलली नाही. मी मागितला.