पंधरावा हात

पटेल की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझ्या मावशीच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. ती कशी मोडली, हे त्या शेडमधल्या साठएक माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यातले कितीतरी जण आज ओळख दाखवत नाहीत.

बुधवार होता. रात्र नव्हती. दुपारचे सव्वाबारा वाजले होते.

मावशी मेकअप करते. सुंदर करायचा नव्हे, जखमांचा. भाजलेली कातडी, फुटलेलं कपाळ, ठेचलेली नखं. एकतीस वर्षं हेच. लहानपणी आम्ही पडलो, की ती आधी जखमेचा रंग निरखायची आणि मग फुंकर घालायची. रक्ताला भिणारी बाई ती नव्हे.

मालिका होती एका बुडालेल्या प्रवासी जहाजावर. आठ भागांची. नव्वद वर्षांपूर्वी भर समुद्रात गेलेलं जहाज, अर्ध्या रिकाम्याच दूर निघालेल्या होड्या, आणि मागे पाण्यात तडफडणारी माणसं. शूटिंग चालायचं जहाजदुरुस्तीच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये. आत सिमेंटची मोठी टाकी, त्यात छातीइतकं पाणी. पत्र्याच्या फटी काळ्या कापडानं बुजवल्या, की भर दुपारी आत काळोख गुडुप.

त्या मालिकेत माझा मामाही होता. मावशीचा धाकटा भाऊ. अंगानं आडदांड, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पण इंजेक्शनची सुई दिसली तरी मान फिरवणारा गडी. पंधरा वर्षं त्यानं दारवान, हमाल, मागे उभा असलेला तिसरा पोलीस, असलीच कामं केली. ही पहिली खरी भूमिका. तीही मावशीनं शब्द टाकला म्हणून मिळालेली.

भूमिका होती होडीवरच्या खलाशाची. होडीत जागा असते. पण पाण्यातली माणसं काठाला लोंबकळायला लागतात, तेव्हा होडी उलटेल या भीतीनं हा खलाशी वल्ह्यानं त्यांचे हात ठेचतो.

त्या बुधवारी तोच प्रसंग होता.

पाण्यात बावीस माणसं उतरवली होती. त्यातल्या चौदा जणांचा एकेक हात मावशीनं सकाळपासून रंगवला होता. प्रत्येक हाताचा फोटो तिच्या वहीत चिकटवलेला. चौदा म्हणजे चौदा, यावर ती आजही पैज लावायला तयार आहे.

वल्हं फोमचं होतं. आत पोकळ प्लास्टिकची नळी. फटके चार, आधी मोजून बसवलेले. वल्हं वर गेलं, की समोरच्यानं हात काढून घ्यायचा. लहान मुलानं खेळावं इतकं निर्धोक.

पहिला टेक छान झाला. फोम काठावर आपटलं की उशी झटकल्यासारखा आवाज यायचा.

फप्... फप्... फप्... फप्.

डायरेक्टरनं दुसरा टेक मागितला. मधल्या वेळात मावशी रंगाची पेटी घेऊन टाकीच्या कडेच्या सिमेंटच्या कट्ट्यावर गुडघे टेकून बसली. माणसं कडेला आणलेल्या होडीचा काठ धरून उभी होती, गप्पा मारत होती. ती एकेका हातावर ब्रश फिरवत सरकत गेली. दहा... बारा... चौदा.

त्याच्या पुढे, होडीच्या अगदी मागच्या टोकाला, अजून एक हात होता.

बाईचा हात. चार नखं मुळापासून उपटलेली. अनामिका उलट्या बाजूला वळलेली.

मावशीच्या मनात आधी भीती आलीच नाही. आला तो राग. आपल्याला न विचारता कुणी केलं हे काम? आणि लगेच दुसरा विचार, की काम मात्र फार सुरेख केलंय.

ती ओणवली... काम नीट बघावं म्हणून तिनं ते बोट चिमटीत धरलं.

बर्फासारखं गार.

टाकीतलं पाणी बॉयलरनं कोमट केलेलं होतं. बाकी चौदा हात ऊबदार होते.

तिनं बोट जरासं दाबलं... आणि आतली हाडाची दोन टोकं एकमेकांवर करकरली.

मावशीनं पाण्यात पाहिलं. हाताच्या खाली दंड दिसत होता. दंडाच्या पुढे डोकं असायला हवं होतं. नुसतं काळं पाणी होतं. मग तो हात सुटला आणि संथपणे खाली गेला. पाणी हललंसुद्धा नाही.

तिनं आरडाओरडा केला नाही. उठून डायरेक्टरला सांगितलं, की पाण्यात एका बाईला खरोखरचं लागलंय, ती खाली गेलीय. धावपळ झाली. सगळ्यांना बाहेर काढून मोजलं. बावीस. पाणबुड्यानं तळ चाचपून पाहिला. काहीच नाही. डायरेक्टर वैतागला, पण मावशीच्या वयाचा मान ठेवून एवढंच म्हणाला, की ताई, सकाळपासून उपाशी आहात, तुम्ही चहा घ्या. दोघंतिघं हसले.

मामा मात्र हसला नाही. तो होडीत वल्हं धरून उभाच होता. मावशी जवळून गेली तेव्हा त्यानं हळूच विचारलं,

"ताई, मागे कोण बसलंय?"

होडीच्या मागच्या भागात कुणीही नव्हतं. तिनं त्याला खाली उतर म्हणून सांगितलं. पण पंधरा वर्षांनी मिळालेलं काम. तो म्हणाला, एवढा टेक होऊ दे.

ती पुढे काही बोलली नाही. याची बोच तिला अजून आहे.

दुसरा टेक सुरू झाला.

फप्... फप्... फप्... फप्.

चार झाले. मामानं थांबायचं होतं.

तो वळला. मागच्या टोकाकडे गेला. वल्हं डोक्यावर उचललं...

टक्.

लाकडाचा आवाज. लाकूड आणि लाकडाच्या मध्ये काहीतरी सापडल्याचा आवाज.

टक्... टक्... टक्...

डायरेक्टर कट म्हणाला. मग ओरडला. मामाला ऐकूच येत नव्हतं. तो दात-ओठ खात रिकाम्या काठावर मारत सुटला होता. "सोड! सोड म्हणतो ना!" हे संवाद लिहिलेलेच नव्हते. दरवेळी वल्हं वर जाताना त्याच्या टोकावरून काहीतरी गळत होतं. त्याच्या तोंडावर शिंतोडे उडत होते. पाण्यातली माणसं एकमेकांना ढकलत कडेला पळाली, कारण होडीमागचं पाणी लाल होत होतं. तो लाल रंग मावशीचा नव्हता. तिचा रंग पाण्यात विरत नाही. हा विरत होता.

मग खालून कुणीतरी वल्ह्याला हिसका दिला.

मामा पाण्यात पडला. बुडाला. वर आला आणि त्यानं दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला. छातीइतकंच पाणी होतं. त्याला उभं राहता आलं असतं. पण तो असा लोंबकळत होता, जसा काही त्याच्या पायाखाली तळच नव्हता.

वल्हं लांब तरंगत गेलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. होडी रिकामी होती.

आणि तरी...

टक्.

मामाच्या उजव्या हाताचं मधलं बोट चपटं झालं. तो किंचाळला.

टक्. शेजारचं.

टक्.

फटके थांबत नव्हते. कुणीही जागचं हललं नाही. साठ माणसांची जणू दातखीळ बसली होती. आणि मामा काठ सोडत नव्हता. किंवा त्याला सोडता येत नव्हता.

मावशीनं साडीसकट टाकीत उडी मारली. पाणी आता कोमट नव्हतं. अंग बधिर करणारं गार होतं. ती पाण्यातून स्वतःला ओढत त्याच्यापर्यंत पोचली, आणि त्याला मागे खेचायच्या ऐवजी तिनं आपला डावा हात त्याच्या हातांवर पालथा ठेवला.

पुढचा फटका तिच्या हातावर बसला.

दोन बोटं मोडली, ती तेव्हा. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिनं हात काढला नाही. वर रिकाम्या हवेकडे बघत ती म्हणाली,

"माझा भाऊ आहे तो. आता पुरे."

शांतता...

वल्हं वर उचललं जातंय असं तिला जाणवत होतं. वाऱ्यासारखं काहीतरी कपाळावरून गेलं. ती वाट बघत राहिली.

ते खाली आलंच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हातांवर लाकडी ओंडका पडला का? मामाची सात बोटं मोडली होती. शेडमध्ये लाकडाचं काही नव्हतं, होडीसुद्धा फायबरची होती. तो प्रसंग मालिकेतून काढून टाकला. कॅमेऱ्यात काय आलं, हे मावशीला कुणी दाखवलं नाही आणि तिनं मागितलं नाही.

मामा तीन आठवडे बोलला नाही. बोलला तेव्हा मावशी त्याला चमच्यानं भात भरवत होती.

"ताई, त्या बाईनं पहिल्याच फटक्याला काठ सोडला होता."

मावशीनं चमचा ताटात ठेवला.

"सोडला होता गं तिनं. ती निघाली होती. मीच तिचं मनगट धरून ठेवलं, आणि मारत राहिलो." मग तो म्हणाला, "मला थांबावंसं वाटत नव्हतं."

त्यानंतर मामानं अभिनय सोडला. आता तो आमच्याच घरी असतो. माणूस तोच आहे, तसाच मवाळ, पोरांना हसवणारा. ती बाई कशी दिसत होती, हे त्याला आमच्यापैकी कुणीही विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी जेवताना तो आपणहूनच सांगायला लागला. अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. मावशी ताडकन उठली आणि तिनं मोरीतला नळ पूर्ण सोडला. बादलीत पाणी धो-धो पडायला लागलं. मामा थांबला नाही. त्याचे ओठ हलत राहिले.

मी त्याच्या अगदी शेजारी होते.

त्यातलं एक वाक्य मला ऐकू आलं. ते मी इथे लिहिणार नाही.