प्रिंटरचं पॅकेज

"चाल ना बाप्पा... काहून छळून राहिला?"

कोरमंगलातल्या त्या लहानशा ऑफिसात वसुमती शिरली, तेव्हा एक तरुण संगणकाची चक्क मराठीत मनधरणी करत होता. अठ्ठ्याण्णव साली बंगळूरमध्ये घराबाहेर मराठी कानावर पडणं म्हणजे नवलच. तिला हसू आवरेना.

"स्वल्प सरका. मी बघते."

तो गडबडून उठला. "तुम्ही मराठी?"

"राजाजीनगरची. आमचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलंच."

"मी शंतनु. नागपूरहून... नुकताच आलो."

वसुमती ज्या कंपनीत नोकरीला होती, ती ऑफिसांच्या संगणकांवर लिनक्स ही प्रणाली बसवून द्यायची. तिने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, सीडीवरून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचं पॅकेज, बसवलं, आणि छापलेला कागद खरखरत बाहेर आला. शंतनुचं मात्र कागदाकडे लक्षच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात प्रिंटर पुन्हा बंद. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला तिने सहज वरच्या बाणाची कळ दाबली. आधी कुणी तरी दिलेली आज्ञा पडद्यावर आली — पॅकेज काढून टाकायची.

"हे कोणी काढलं?"

"आपोआप निघालं असेल..."

"आपोआप?"

त्याचे कान लाल झाले. "मग काय करू? काही बिघडल्याशिवाय तुम्ही येत नाही."

"बोलावून बघायचं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर दर शनिवारी ती काही न बिघडताच येऊ लागली. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलाबाहेर दोघं उभ्याने कॉफी प्यायची. जॅकरंडाची फुलं तिच्या केसांवर पडली, की तो ती काढू का नको करत राहायचा... आणि तीही मुद्दाम झटकायची नाही.

पावसाळा सरत आला, आणि धारवाडहून निरोप आला. तिची थोरली बहीण, स्मिताअक्का, बाळंतपणात गेली. मुलगी तेवढी वाचली.

वसुमती तिकडे महिनाभर राहिली. भावजी, रविकिरण, भला माणूस. कोपऱ्यात बसून असायचा. निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी, भीमाचार्यांनी, एकदाच विचारलं, "वसू, या लेकराला परकी आई आणायची काय गं?" बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. इवल्याशा मुठीत तिची वेणी होती. ती नाही म्हणाली नाही.

बंगळूरला येऊन तिने राजीनामा दिला आणि कोरमंगला गाठलं. शंतनुशेजारी बसून ती सांगू लागली, "ही आज्ञा पॅकेज बसवायची, ही काढायची. आता तुम्हीच करायचं. मी धारवाडला चाललेय... भावजींशी लग्न ठरलंय."

त्याची बोटं कळांवरच राहिली. त्याने विचारलं, "नाही म्हणता नसतं आलं?"

"आलं असतं. कोणी जबरदस्ती केली नाही माझ्यावर."

ती उठली, दारापर्यंत जाऊन थांबली.

"या आज्ञा काय, फोनवरही सांगता आल्या असत्या," ती म्हणाली. "पण तुम्ही मला फार आवडलात, शंतनु. ते समोर येऊन सांगायचं होतं."

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते. "बाळाचं नाव काय ठेवलं?"

"स्मृती."

"छान आहे," तो कसाबसा म्हणाला.

रिक्षावाल्याने कुठे जायचं ते दोनदा विचारलं. तिला राजाजीनगर म्हणता येईना. ओढणीत तोंड लपवून ती नुसतं हाताने समोर दाखवत राहिली.