बाराव्या ओळीतले आकडे

नऊ फूट खणून झालं, तरी खड्ड्यातून निघाली ती स्वच्छ पिवळी माती.

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याने पुरलेली विषारी पिंपं तिथे असायला हवी होती. जागा नकाशा कार्यालयाच्या प्रमुखाने काढून दिली होती, आणि आता तोच काठावर उभा राहून आरोग्य निरीक्षकाला सगळ्यांदेखत हसत होता. जवळच्या वसाहतीत सात जणांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. हा सगळा अफवांचा बाजार आहे, असं प्रमुख म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

निरीक्षक घरी आला तो तोंड पाडून. त्याची सासू मोजणी खात्यातून निवृत्त झालेली. सगळं खातं तिला बाई म्हणायचं. हा प्रमुख एके काळी त्यांच्याच हाताखाली होता. काम चिमूटभर आणि कॉलर ताठ, हे बाईंनी तेव्हाच ओळखलं होतं.

बाईंनी जावयाकडून दोन कागद मागून घेतले: कारखान्याच्या जुन्या नोंदवहीची प्रत आणि प्रमुखाच्या सहीची अक्षांश-रेखांशांची यादी. दोन्हींत बारा जागा होत्या. अकरा बोअरवेल, बारावी पिंपांची.

"बोअर सापडले?"

"पहिल्याच फटक्यात, आई. जीपीएसचं यंत्र दाखवेल तिथे झाकण."

"अकराच्या अकरा?"

"हो."

बाई यादीवर बोट फिरवत राहिल्या. अकरा ओळींत सेकंदांच्या दशांशानंतर चार-चार आकडे होते. बाराव्या ओळीत दोनच. नोंदवहीत मात्र सगळीकडे दोन-दोन.

"तुम्हाला मूर्ख बनवलंय, जावई," त्या म्हणाल्या. "आणि तेही आळशीपणाने."

सकाळी त्या कार्यालयातल्या कारकुनाला भेटल्या. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं: अकरा जागा त्याने संगणकावर काढल्या होत्या, बारावी साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिली होती. कागद टाकून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चिठ्ठी फाइलीतच निघाली.

दुपारी बाईंनी बारावी जागा स्वतः काढली. ती खड्ड्यापासून दोनशे दहा मीटरवर, वसाहतीच्या बागेत पडली. तिथे चार फुटांवरच फावडं पत्र्यावर वाजलं.

मग फौजदाराला घेऊन सासू-जावई प्रमुखाच्या खोलीत गेले. प्रमुखाने बाईंना खुर्ची दिली आणि सगळा दोष कारकुनावर ढकलला.

"चिठ्ठीवर अक्षर तुझं आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी फौजदाराला समजावून सांगितलं. जुन्या मोजणीवाल्यांनी पृथ्वीचा एक आकार धरला होता, उपग्रहवाल्यांनी दुसरा. त्यामुळे तेच अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर एका ठिकाणी पडतात आणि यंत्रावर भलत्याच. म्हणून जुने आकडे आधी बदलून घ्यावे लागतात. संगणक ते बदलतो आणि चार आकड्यांपर्यंत उत्तर देतो. बाराव्या ओळीत दोनच आकडे होते, कारण ते बदललेलेच नव्हते. नोंदवहीतून जसेच्या तसे उचलले होते.

"विसरलो असेन," प्रमुख म्हणाला.

"बाकी अकरा कारकुनाने संगणकावर काढल्या, ही एकच तू त्याच्याकडून काढून घेऊन हाताने लिहिलीस. अकरा बरोबर आणि पिंपांची तेवढी चूक, हे विसरणं नव्हे. वसाहतीची जमीन स्वच्छ आहे असा दाखला कुणी दिला होता?"

फौजदाराने दाखला टेबलावर ठेवला. सही प्रमुखाचीच होती.

"तिथे न जाता सही केलीस ना?"

"तेव्हा कामं फार होती, बाई. पिंपांचं मला नंतर कळलं. सांगितलं असतं तर पद गेलं असतं."

"तुमचे साडू तिथेच राहतात," जावई म्हणाला. "तुमच्याच शब्दावर त्यांनी घर घेतलं. आजाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव तुमच्या मेव्हणीचं आहे. तिला तरी पाणी पिऊ नको म्हणायचं."

प्रमुखाने रुमालाने कपाळ टिपलं.

"तिला सांगितलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तिने माझ्या बायकोला सांगितलं असतं."

बाई उठल्या. या माणसावर आणखी एक शब्द खर्च करावा असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी जावयाला वसाहतीचं पाणी तोडायला पाठवलं आणि स्वतः प्रमुखाच्या बायकोकडे निघाल्या.