खोडायचं राहून गेलेलं ‘कदाचित’

एका पत्राला मी एकोणीस वर्षं उत्तर दिलं नाही. ते माझ्या शब्दकोशात ठेवलेलं होतं.

ती संशोधक, मी त्याच संस्थेच्या मासिकाचा मुद्रितशोधक. पहिली भेट म्हणजे भांडणच. ती तरातरा माझ्या टेबलाशी आली. बोटांना चिरलेल्या लसणाचा वास, डोळ्यांत आग.

“माझं ‘कदाचित’ कुठे गेलं?”

“कुठलं?”

“‘कोबी, लसूण यांतली काही द्रव्यं कर्करोग रोखायला कदाचित मदत करतात.’ तुम्ही खोडलंत!”

“वाक्य जरा... ठाम वाटावं म्हणून—”

“माझी आई याच रोगानं गेली. उगाच ठाम बोलणारे तेव्हा खूप भेटले. आमचा पुरावा अजून काचेच्या बशीतल्या पेशींपुरता आहे, साहेब! यापुढे मला विचारल्याशिवाय माझ्या वाक्याला हात लावायचा नाही.”

“नाही लावणार,” मी म्हणालो. कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. कोबीच कोबी!

“खा. काल जरा जास्तच बोलले.”

“यानं... रोग टळतो?”

“कदाचित,” ती म्हणाली, आणि अशी हसली की माझा घास हातातच राहिला.

वर्षभर तो डबा येत होता. मग तिची बदली झाली, आणि पत्र आलं— ‘इथे करमत नाही. तुम्ही आलात तर आपण कदाचित एकत्र राहू.’

तो एक शब्द मी शंभरदा वाचला. तिचं ‘कदाचित’ म्हणजे पुरावा अपुरा, हे मला पाठ होतं. खोडायची तर मुभाच नव्हती. मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

निवृत्त झालो तरी मासिकाची मुद्रितं घरी येतात. परवा त्यांत तिचा लेख निघाला. आता नुसत्या पेशी नव्हत्या. हजारो माणसांच्या जेवणाच्या, तब्येतीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. जिंकली होती ती! वाक्य मात्र तेच, ‘कदाचित’ जागच्या जागी. समासात तिच्या अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं— ‘मुद्रितशोधक, हे राहू द्या. पत्रातलं खोडायला परवानगी आहे. अजूनही.’

मी शब्दकोश उघडला. लाल पेन्सिल घेतली. रेघ सरळ आली.

‘तुम्ही आलात तर आपण एकत्र राहू.’

समासात लिहिलं, ‘दुरुस्ती केली. रविवारी येतोय. डबा भरून ठेवा.’ तेच पत्र नव्या पाकिटात घातलं आणि गुडघ्यांना न विचारता टपालपेटीपर्यंत धावत गेलो. पाकीट आत पडल्याचा आवाज मी पेटीला कान लावून ऐकला.